एक नंबर लहान

तिचं खरं नाव दुकानाच्या मालकालासुद्धा फक्त पगाराच्या दिवशी आठवायचं. बाकी सगळ्यांची ती नंबरताई. गिऱ्हाईक दारातून आत येतंय न येतंय तोच ही बाई त्याच्या पायांकडे बघून ‘सहा, पण रुंद’ किंवा ‘साडेसात, उजवा जरा मोठा’ असं पुटपुटायची, आणि माप घेतलं की तेच निघायचं. काही लोक तर मुद्दाम परीक्षा घ्यायला यायचे. एकदा एक गृहस्थ पायघोळ विजारीत पाय झाकून उभे राहिले, “आता सांगा बघू!” म्हणून. नंबरताईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “नऊ. आणि डाव्या टाचेला भेग पडलीय, तिला आधी मलम लावा.” गृहस्थ मुकाट्याने नऊ नंबर घेऊन गेले.

चपला-बुटांच्या दुकानात आयुष्य काढायचं म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याच्या पायाशी बसायचं. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. ठेंगण्या स्टुलावर बसायचं, समोरच्याचा पाय हातात घ्यायचा, आणि घेण्याआधी सांगायचं, “आता पाय धरते हं.” हे ‘धरते हं’ तिने कधी चुकवलं नाही. न सांगता धरला की पाय आखडतो, बोटं आत वळतात, आणि मग बरोब्बर मापाचा जोडसुद्धा आत जात नाही. मग ती गिऱ्हाइकाला बोलतं करायची. कुठे राहता, मुलं काय करतात, एवढ्या उन्हाचे चालत आलात की काय. बोलता बोलता पाय ढिला पडला की टाच बूट घालायच्या चमच्यावरून अलगद आत.

दुकानाचा एक नियम होता, थोरल्या मालकांनी घालून दिलेला. जोड बसला नाही तर ‘तुमचा पाय जाड आहे’ असं म्हणायचं नाही. जीभ चावायची, पण म्हणायचं नाही. ‘हा साचा जरा लहान आहे, दुसरा आणते,’ म्हणायचं आणि उठायचं. माळ्याच्या शिडीवर नंबरताई किती वेळा चढली-उतरली असेल त्याला गणती नाही. गुडघे बोलायला लागले तरी चढली. पण कुणाच्या पायाला तिने नाव ठेवलं नाही.

आता नियम सांगितला तशी दुकानाची लबाडीही सांगायला हवी. हवा तो नंबर शिल्लक नसला आणि गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नसलं की एक वाक्य असायचं, “घ्या हो, वापरून सैल होईल.” होतो कधीकधी सैल. पुष्कळदा होत नाही, फोड येतात. नंबरताईला हे वाक्य आवडायचं नाही, पण रोज बोलून बोलून ते तिच्या जिभेवर बसलं होतं. पुढे जे घडलं ते या वाक्यापायी घडलं, म्हणून आधी सांगून ठेवलं.

तिची थोरली बहीण गेली ती गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने. एका दिवसात गेली नाही. हळूहळू, सगळ्यांना बघायला लावून गेली. शेवटी शेवटी खोलीत वास यायचा, आणि बहीण स्वतःच खिडकी उघडायला सांगायची, आणि येईल त्याची माफी मागायची. माफी! जसं काही तिने मुद्दाम केलं होतं.

बरं, ती कधी दवाखान्यात गेलीच नव्हती असंही नाही. अंगात काही दुखत-खुपत नव्हतं तेव्हाच गेली होती. आजार व्हायच्या आधीच त्याचा माग काढणारी ती तपासणी असते ना, बायकांनी दर काही वर्षांनी करून घ्यायची, तिच्यासाठी. तेव्हाच्या डॉक्टरांनी आतलं बघायचा लोखंडी चिमटा घातला तशी ती कळवळली. अंग आखडलं. “अहो बाई, ढिलं सोडा! एवढं आखडल्यावर आम्ही काय करणार? बाकीच्या बायका नाही का करून घेत?” ती अर्ध्यावर उठून बाहेर आली. बाहेरच्या बाकावर तिची पोर बसली होती, मांडीवर शाळेचं दप्तर घेऊन. त्या दिवशी बहीण नंबरताईला म्हणाली, “माझंच काहीतरी चुकतंय गं. माझं शरीरच मेलं तसलं.” पुन्हा त्या दारात पाऊल टाकलं नाही. टाकलं तेव्हा रक्त जायला लागलं होतं आणि करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

पोरीला नंबरताई घरी घेऊन आली. बाप आधीच नव्हता, आणि नंबरताईला स्वतःचं मूल नव्हतं. पोरीला सगळे ठकी म्हणायचे. ठकी वाढली, शिकली, घरांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात लागली, आणि लग्नाचा विषय काढला की “काका, तुमची लिफ्ट अडकलीय वाटतं, फोन वाजतोय,” म्हणून उडवून लावायला लागली. काका म्हणजे नंबरताईचा नवरा. लिफ्ट दुरुस्त करायचा, बोलायचा कमी, हसायचा मिशीत.

आई गेल्यावर ठकीने मावशीकडून एकच गोष्ट वदवून घेतली होती. “मावशी, तू ती तपासणी करून घ्यायचीस. तुझ्याबाबतीत मला ते परत बघायचं नाहीये.” नंबरताईने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. देताना मनापासून दिला.

आणि तिच्याकडून झालं नाही. काय सांगायचं! रस्त्यात कुत्रं भुंकलं तर त्याच्यावर डाफरणारी बाई, पण त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना तिचे हातपाय गळायचे. पहिल्या खेपेला बाकावरूनच उठून आली. पुढच्या खेपेला मन घट्ट करून टेबलावर चढली, पाय त्या लोखंडी आधारांवर ठेवले. शेजारच्या ताटलीत चिमटा खणकला आणि तिला बहिणीची खोली आठवली, तो वास आठवला. चिमटा आत जाईचना. पाळी जाऊन काही वर्षं झालेली, आत सगळं कोरडं पडलेलं, वरून भीतीने अंगाचं लाकूड. “ढिलं सोडा,” असं कुणीतरी म्हणालं. तिने टाहो फोडला, खाली उतरली आणि कपडे उलटसुलट चढवून पळत सुटली. घरी पोचल्यावर लक्षात आलं की परकर उलटा घातलाय.

ठकी जेवायला बसली होती. “झाली?” तिने विचारलं. तिच्या डोळ्यात काय होतं ते नंबरताईने पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “झाली बाई एकदाची. सगळं नीट आहे म्हणाले. काही नाही गं, उगाच बाऊ करतात. पहिल्यांदा जरा घट्ट वाटतं, मग सैल होतं.”

ठकीने तिच्या गळ्यात हात टाकले आणि ढसाढसा रडली. सुटल्यासारखी रडली. नंबरताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि आतल्या आत मेल्याहून मेल्यासारखी झाली. उद्या खरं सांगू, पुढच्या आठवड्यात जाऊन येऊ म्हणजे खोटं खोटं राहणारच नाही, असं ती स्वतःला समजावत होती. पुढचा आठवडा काही उजाडला नाही. वर्षं गेली. ठकीने विचारलं की ‘हो, नियमाने करते’ म्हणायचं आणि ताटाकडे बघायचं. रात्री कूस बदलताना पोटात जरा कळ आली तरी ती उठून बसायची. हीच का ती? आता माझीही वेळ आली का? नवऱ्याला सांगायची सोय नाही, बहिणीच्या पोरीला सांगायची तर अजिबातच नाही. बाई जीव मुठीत धरून जगत होती आणि दुकानात हसून नंबर सांगत होती.

मग ठकीची वेळ आली. तिशीच्या आसपास आलेली, आईचा इतिहास माहीत असलेली, शहाणी मुलगी. तपासणीला गेली. मावशीनेच मागे लागून पाठवली, आहे की नाही कमाल! “जा गं, काही होत नाही, मी नाही का करत?” म्हणून.

ठकी परत आली ती थेट मोरीत गेली. पाण्याचा आवाज सुरू, आणि आवाजाखाली हुंदके. नंबरताईने दार वाजवलं, वाजवलं, शेवटी ढकललं. ठकी उपड्या बादलीवर बसली होती.

“मला नाही जमलं, मावशी. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मी ओरडले. बाहेरच्या बायकांनी ऐकलं असेल.” तिने तोंड पुसलं. “तुला काही झालं नाही. इतक्या जणींना काही होत नाही. मलाच होतं. आईलाही झालं होतं. माझंच काहीतरी चुकतंय मावशी, माझं शरीरच आईसारखं आहे. म्हणजे मीही आईसारखीच जाणार.”

 तेच शब्द. बहिणीच्या तोंडचे, जसेच्या तसे. आणि या वेळी ते कुठल्या डॉक्टरने पोरीच्या डोक्यात घातले नव्हते. ते तिने घातले होते. आखूड जोड गळ्यात मारून दिला होता आणि वर सांगितलं होतं, सैल होईल.

ती ओल्या फरशीवर तशीच मटकन बसली. “ठके, माझी झालीच नाही.”

“काय झालं नाही?”

“तपासणी. एकदाही नाही. मी पळून आले होते. तुझ्यासारखीच ओरडले होते. तुला खोटं सांगितलं.”

नळ चालूच होता. ठकीने तो बंद केला. मग ती जे बोलली ते आवाज न चढवता बोलली, आणि तेच वाईट होतं. “म्हणजे इतकी वर्षं मी निर्धास्त झोपत होते, आणि तुला काय झालंय काय नाही हे कुणालाच माहीत नव्हतं? मला दुसऱ्यांदा खिडक्या उघडायला लावणार होतीस तू?”

“अगं, तसं नाही...”

“मग कसं?”

 ठकी खोलीत गेली आणि दाराला आतून कडी घातली. पुढे कितीतरी दिवस घरात भांड्यांचा आवाज तेवढा येत होता. ठकी ‘काका, चहा’ म्हणायची, ‘काका, येते’ म्हणायची. मावशी म्हणून हाक नाही. नंबरताई दुकानात चुकीचे नंबर सांगायला लागली. मालकाने विचारलं, “ताई, चष्मा लागला की काय?” तिला रडू कोसळलं आणि मालक बिचारा घाबरून गल्ल्यामागे गेला.

एके दिवशी ती दुकानातून मधल्या सुट्टीत उठली आणि दवाखान्यात जाऊन त्या बाकावर बसली. करायला नव्हे. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं कशाला. घरी पोरगी तोंड बघत नाही, इथे आत जायची छाती नाही, मग माणसाने बसायचं तरी कुठे? समोरून नर्सबाई जात-येत होत्या, आणि नंबरताईची नजर सवयीने खाली गेली.

“सिस्टर,” ती म्हणाली, “जोड तुम्हाला लहान होतोय. अंगठ्याचं नख काळं पडलं असेल.”

नर्स थबकल्या. मग खळखळून हसल्या. “पडलंय हो! तुम्हाला कसं कळलं?” आणि हसता हसता त्यांनी हिच्या तोंडाकडे नीट बघितलं. “तुम्ही कशासाठी बसलाय? मघापासून बघतेय, नंबर लावला नाही तुम्ही.”

झालं, बांध फुटला. बहीण, चिमटा, पळणं, खोटं, ठकी, सगळं भडाभडा बाहेर आलं. नर्स शेजारी बसून ऐकत राहिल्या. मधे कुणी हाक मारली तर “थांबा जरा,” म्हणाल्या. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, “रक्त वगैरे जातं का? संबंधानंतर, मधेच, कधीही?”

“नाही.”

“मग एक करून बघा. आता चिमट्यावाचूनही सुरुवात करता येते.” त्या आत जाऊन एक लांबट पाकीट घेऊन आल्या. आत एक काडी, टोकाला मऊ बोंडासारखं. “ही स्वतःच आत घालायची, आपल्याच हाताने. फार खोल नाही. जरा फिरवायची, काढायची, या नळीत घालून आम्हाला द्यायची. ज्या विषाणूमुळे हा आजार होतो तो आहे का, एवढं त्यात कळतं. नसला तर काही वर्षं निवांत.”

“आणि असला तर?”

नर्स खोटं बोलल्या नाहीत. “असला तर डॉक्टरांना आत बघावं लागेल. तेव्हा चिमटा लागेल. पण असला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही हं. बऱ्याच जणींना असतो आणि जातो. आणि तेव्हाचं तेव्हा बघू, त्यालाही वाटा आहेत. भाचीलाही पाठवा. तिला सांगा, तिचं काही चुकत नाहीये.”

नंबरताई ती काडी हातात धरून कितीतरी वेळ बसली. एवढीशी काडी! हिच्यासाठी वर्षानुवर्षं रात्री जागवल्या? तिला हसू आलं आणि त्याच दमात संताप आला, पण कुणावर करायचा ते कळेना.

घरी जाऊन तिने ठकीच्या बंद दाराशी उभं राहून सगळं सांगितलं. दाराला सांगितलं म्हणा ना. शेवटी म्हणाली, “आणि हे खरं आहे. तुला वाटलं तर नर्सबाईंना विचार, माझ्यावर विश्वास नको ठेवूस.” बऱ्याच वेळाने कडी निघाली.

दोघींनी एकाच दिवशी केलं, दवाखान्याच्या संडासात, एकीमागून एक. ठकी बाहेर आली ती चकित होऊन. “एवढंच?” नंबरताईलाही जमलं. परत जाताना ठकीने तिचा दंड धरला होता. हाक मात्र अजून मारली नव्हती.

निकाल आले. ठकीचा स्वच्छ. नंबरताईच्यात विषाणू होता, आणि नुसता होता असं नाही, जो सगळ्यात वाईट समजतात तोच होता. डॉक्टरांनी लवकर बोलावलं होतं.

म्हणजे फिरून पुन्हा तीच खोली. तेच टेबल, तोच चिमटा!  आता ठकी उठताबसता “मावशी, मावशी” करत होती, आणि ते ऐकून नंबरताईला जास्तच भीती वाटत होती. डॉक्टरांनी एक मलम दिलं होतं, आतून लावायचं, तपासणीआधी काही आठवडे. वयाने कोरडं पडलेलं मऊ होतं, त्रास कमी होतो म्हणून. ते ती निमूटपणे लावायची आणि अंधारात छताकडे बघत पडायची. वर्षं वाया घालवली. आत काय काय वाढलं असेल? तपासलंच नाही तर कळणार नाही, आणि कळलं नाही तर कदाचित... असा वेडा विचारही तिच्या मनात येऊन गेला. एके रात्री ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, मी नाही जात. जे व्हायचं ते होऊ दे.”

लिफ्टवाला उठून बसला. एवढं लांबलचक तो आयुष्यात कधी बोलला नसेल. “लिफ्टमधे माणूस अडकला ना, की मी पहिल्यांदा दार उघडायच्या मागे लागत नाही. आधी ओरडून सांगतो, मी इथे आहे, आवाज येतोय का. मग पुढचं प्रत्येक सांगतो. आता हलेल, आता आवाज होईल. न सांगता हलवली लिफ्ट तर आतला माणूस खुळा होतो. तू त्या डॉक्टरांना सांग, न सांगता हलवायचं नाही. आणि मी दाराबाहेर आहे.” एवढं बोलून तो आडवा झाला. त्यालाही झोप आली नाही हे तिला कळत होतं.

डॉक्टरीणबाई नव्या होत्या, नुकत्याच आलेल्या, तरुण. आधी खुर्चीवर बसवून बोलल्या, सगळे कपडे अंगावर असताना. नंबरताईने नवऱ्याने सांगितलं तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी प्रत्येक गोष्ट आधी सांगेन. तुम्ही ‘थांब’ म्हणालात की हात काढून घेईन, कारण विचारणार नाही. पाय त्या आधारांवर नको असतील तर खाली टेबलावरच ठेवा आणि कमरेखाली मुठी घ्या, किंवा कुशीवर झोपा. आणि चिमटा तुम्हाला स्वतः घालायचा असेल तर घाला, पुष्कळ जणींना तसं बरं वाटतं.”

“मी? मी घालू?”

“तुमचंच अंग आहे. तुम्हाला जास्त कळतं.”

नंबरताई टेबलावर चढली, नर्स शेजारीच होत्या. नवे, ऐसपैस जोडे घालून. त्या वाकल्या, टेबलाखालच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण ओढला, आणि बंद पाकिटातून एक चिमटा काढला. नंबरताईने डोळे किलकिले केले. हा तो नव्हता. हा अरुंद होता, बोटाएवढा. नर्सनी कोमट पाण्याखाली धरला आणि तिच्या हातात दिला.

“हा लहान आहे,” नंबरताई म्हणाली.

“हो. याच्यात मापं असतात.”

मापं असतात! जिने उभं आयुष्य मापं काढण्यात घातलं, तिला हे कधी सुचलंच नव्हतं. जोड बसला नाही तर दुसरा नंबर आणायचा, हे हजारदा करणाऱ्या बाईने या खोलीत एकदाही विचारलं नव्हतं की दुसरा आहे का. इथे तिने गपगुमान मान्य केलं होतं की पायच चुकीचा आहे.

“हे नवीन आलंय का?” तिने विचारलं.

“छे हो! मी नोकरीला लागले तेव्हापासून याच खणात असतात. पाकिटं येतात-जातात, माप तेच.”

“जुने डॉक्टर होते तेव्हाही?”

“तेव्हाही. पण त्यांना मधला हाताशी असायचा, तोच घ्यायचे. खालचा खण कोण उघडतंय? आणि मी तेव्हा नवी, बोलायची हिंमत नव्हती.”

 नंबरताईने कूस बदलली, श्वास सोडला आणि तो लहान चिमटा आपल्या हाताने, हळूहळू आत घातला. गेला. दुखलं, पण गेला. डॉक्टरीणबाई “आता बघते हं,” म्हणाल्या. मग “आता जरा थंड लागेल,” म्हणाल्या. “आता बारीक तुकडा काढते, चिमटी बसेल.” आणि नंबरताई हमसून हमसून रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी झटकन हात काढला. “थांबू का? फार दुखतंय?”

“नाही, तुम्ही करा,” ती म्हणाली. “तुमच्यामुळे नाही.”

तिला बहीण दिसत होती. याच टेबलावर, आखडलेली, माफी मागणारी. आणि तिच्या पाठीखाली, हातभर अंतरावर, तो खण. तिथे तर शिडीसुद्धा चढायची नव्हती. नुसतं वाकायचं होतं.

आतून काढलेल्या तुकड्यांचा निकाल आला तेव्हा ठकी बरोबर होती. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. कॅन्सर नाही. पण त्याच्या उंबरठ्यावरचं आहे, पेशी बऱ्याच बिघडल्यात. तेवढा भाग काढून टाकायचा, त्याच दिवशी घरी, मग नियमाने तपासत राहायचं. “आणखी काही वर्षं गेली असती तर मी हे असं सांगू शकले नसते,” त्या म्हणाल्या. ठकीने मावशीचा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

बाहेर आल्यावर दोघी बाकावर बसल्या. तोच बाक. ठकी रडत होती, हसत होती, काकाला फोन लावत होती, लागत नव्हता. मग फोन खाली ठेवून तिने विचारलं, “मावशी, खरं सांग. त्या दिवशी दुखलं?”

“दुखलं,” नंबरताई म्हणाली. “पण सोसण्याइतकं.”

“मग एवढी रडलीस का? बाहेर ऐकू आलं. काका तर दार उघडायला निघाले होते.”

 नंबरताईच्या जिभेवर आलंच होतं, काही नाही गं, उगाच. पोरगी इतक्या दिवसांनी हसतेय, आत्ताच कशाला? पण ती नाही बोलली तसं. तिने ठकीचा हात आपल्या हातात घेतला, आणि आधी म्हणाली, “आता सांगते हं.” मग सांगितलं. चिमट्याला मापं असतात. लहान माप त्याच खोलीत असतं, टेबलाखालच्या खणात. तुझी आई गेली होती तेव्हाही होतं. कुणी काढलं नाही.

ठकी ऐकत होती. तिने पर्स मांडीवर ओढून दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि समोरच्या बंद दाराकडे बघत राहिली.

“म्हणजे आईचं काही चुकलं नव्हतं,” ती म्हणाली.

“काही नाही गं. काहीसुद्धा चुकलं नव्हतं.”

“तिला हे कुणी सांगितलं नाही.”

“नाही.”

फोन वाजायला लागला. काका असणार. तो बराच वेळ वाजत राहिला, आणि दोघींपैकी कुणालाच तो उचलता येईना.